गॅलन-लिटरचा ताळा दर वेळी चुकतो? आकडा पुन्हा काढू नका, भागून बघा

एका लेथच्या टाकीपायी मी एकच तक्ता तीनदा तपासला. यंत्रांच्या जुन्या माहितीपुस्तिकांमधले आकडे मेट्रिकमध्ये आणून द्यायचे, हे माझं काम. त्या पुस्तिकेत कूलंटच्या, म्हणजे धातू कापताना गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीची क्षमता ५ गॅलन लिहिली होती. मी ३.७८५ ने गुणलं, १८.९ आलं, तक्त्यात १९ लिटर लिहून मोकळा झालो. आठ दिवसांनी वर्कशॉपमधून निरोप आला: १९ लिटर ओतले, तरी पातळी रेघेच्या बरीच खाली आहे, आकडा तपासा. तपासला. ५ गुणिले ३.७८५, पुन्हा १८.९. मोबाइलवरच्या ॲपमध्ये टाकून पाहिलं, तेच. मग मी छातीठोकपणे कळवलं की आकडा बरोबर आहे, रेघच चुकीच्या जागी मारली असेल. महिन्याभराने ये रे माझ्या मागल्या, तीच तक्रार.

तिसऱ्या खेपेला मी जे पहिल्यांदाच विचारायला हवं होतं ते विचारलं. रेघेपर्यंत भरायला नेमके किती लिटर लागतात? त्यांनी रिकामी टाकी मोजून भरली आणि सांगितलं, २२.७. मी २२.७ ला १८.९ ने भागलं. उत्तर १.२०. माशी कुठे शिंकली ते तिथेच कळलं. यंत्र ब्रिटिश बनावटीचं होतं, तेव्हा गॅलनही ब्रिटिशच असणार.

अशा तक्रारीत गुणाकार सहसा चुकलेला नसतो, म्हणून तो कितीही वेळा केला तरी उत्तर तेच येतं. चुकलेलं असतं ते एकक. आणि एककाची प्रत्येक चूक स्वतःचा ठसा मागे सोडते. तुमचा आकडा आणि प्रत्यक्षातला (किंवा समोरच्याचा) आकडा घ्या, मोठ्याला लहानाने भागा, आणि भागाकार दशांशानंतर निदान दोन स्थळांपर्यंत बघा. पुढचं सगळं त्या भागाकारावरून शोधायचं आहे.

आधी शिडी

भागाकार बघण्याआधी पक्के आकडे हाताशी हवेत. पाठ करायला दोनच पुरतात: अमेरिकी गॅलन म्हणजे २३१ घन इंच, आणि इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. हे दोन्ही आकडे व्याख्येनेच ठरलेले आहेत. इंचाचा आकडा १९५९ पासून तंतोतंत धरला जातो. २.५४ चा घन १६.३८७०६४. त्याला २३१ ने गुणलं की ३७८५.४११७८४ मिलिलिटर. हा झाला अमेरिकी गॅलन, शेवटच्या अंकापर्यंत.

आता खाली उतरायचं. चार क्वार्टचा गॅलन, म्हणून क्वार्ट ९४६.३५ मिलि. दोन पिंटचा क्वार्ट, पिंट ४७३.१८. दोन कपांचा पिंट, कप २३६.५९. आठ फ्लुइड औंसांचा कप, औंस २९.५७. औंसात दोन टेबलस्पून, प्रत्येकी १४.७९. टेबलस्पूनमध्ये तीन टीस्पून, प्रत्येकी ४.९३. एका गॅलनमध्ये १२८ औंस किंवा ७६८ टीस्पून बसतात. यातला कुठलाही आकडा विसरलात तर वरून भागत खाली या, पुस्तक उघडायची गरज नाही.

ब्रिटिश म्हणजे इम्पीरियल गॅलन ४.५४६०९ लिटरचा. तिथेही चार क्वार्ट, आठ पिंट. पण पिंटात औंस १६ नव्हे, २०. घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

भागाकार १.२० आला

हा सगळ्यात जास्त भेटणारा ठसा. ४.५४६०९ भागिले ३.७८५४१ म्हणजे १.२००९५. गॅलन, क्वार्ट, पिंट यांपैकी काहीही असो, एकाने अमेरिकी धरलं आणि दुसऱ्याने इम्पीरियल, की हाच आकडा येतो. तोंडी हिशेबाला सोपं करून सांगायचं तर ५ इम्पीरियल गॅलन म्हणजे ६ अमेरिकी गॅलन. माझ्या टाकीतली तूट ३.८ लिटर होती, म्हणजे बरोबर एक अमेरिकी गॅलन. वर्कशॉपमधल्या माणसाने पहिल्याच निरोपात ‘गॅलनभर कमी पडतंय’ म्हटलं होतं. मी ते अंदाजे बोलणं समजलो. ते मोजमाप होतं.

दोन गॅलन का, हे माहीत असलं की पुढचे घोटाळे लवकर ओळखू येतात. २३१ घन इंचांचा गॅलन मूळचा इंग्लंडमधलाच, वाइन मोजायचा. अमेरिकेने तो तसाच ठेवला. इंग्लंडने मात्र १८२४ मध्ये कायदा करून जुने गॅलन बाजूला सारले आणि १० पौंड पाण्याचा नवा गॅलन ठरवला. १० पौंड म्हणजे १६० वजनी औंस, म्हणून त्या गॅलनचे १६० फ्लुइड औंस केले, म्हणजे एक फ्लुइड औंस पाणी साधारण एक औंस भरतं. हिशेब देखणा आहे, पण परिणाम विचित्र झाला. ब्रिटिश गॅलन अमेरिकी गॅलनपेक्षा मोठा, आणि ब्रिटिश औंस मात्र अमेरिकी औंसापेक्षा लहान: २८.४१ विरुद्ध २९.५७.

समोरचं भांडं किंवा पुस्तिका कुठली ते ओळखायची एक सोपी खूण आहे. मापाच्या जगवर पिंटची रेघ शोधा आणि तिच्याशेजारी औंसाचा कुठला आकडा येतो ते बघा. १६ असेल तर अमेरिकी, २० असेल तर इम्पीरियल. पुस्तिकेत कंसात लिटर दिले असतील तर त्यांना गॅलनच्या आकड्याने भागा, ३.८ च्या जवळ आलं की अमेरिकी, ४.५ च्या जवळ आलं की ब्रिटिश. नुसता ‘गॅलन’ लिहिलेला आणि बाकी काही पुरावा नसलेला कागद आला तर मी आता आकडा काढतच नाही, आधी यंत्र कुठल्या देशातलं ते विचारतो.

गाडीच्या मायलेजची भांडणंही याच घरातली. ‘गॅलनला ३० मैल’ म्हणजे अमेरिकी हिशेबाने लिटरला १२.७५ किलोमीटर आणि ब्रिटिश हिशेबाने १०.६२. कागदावर तीच गाडी एका देशात जास्त तेल पिते. १२.७५ ला १०.६२ ने भागून बघा, पुन्हा १.२.

१.२५: प्रमाण चुकलं की

हा ठसा थोडा लपलेला असतो आणि मला तो सगळ्यात धोक्याचा वाटतो. ‘गॅलनला इतके औंस’ अशा भाषेत लिहिलेलं प्रमाण असतं ना, तिथे १.२ येत नाही, १.२५ येतं, कारण गॅलन आणि औंस दोन्ही बदलतात: १६० भागिले १२८.

माझ्याच पुस्तिकेत पुढच्या पानावर होतं: दर गॅलन मिश्रणात ८ फ्लुइड औंस कूलंटचा अर्क. अमेरिकी धरलं तर ८ भागिले १२८, म्हणजे ६.२५ टक्के. इम्पीरियल धरलं तर ८ भागिले १६०, म्हणजे नीट ५ टक्के. मूळ लिहिणाऱ्याच्या डोक्यात कुठलं माप होतं हे इथे आकडाच बोलून दाखवतो. बरोबर एककात आलात की आकडा गोल होतो. ६.२५ टक्के असं कोणी मुद्दाम ठरवत नाही, ५ टक्के ठरवतात. पुस्तिका ब्रिटिश आहे हे मला पहिल्याच दिवशी या पानावरून कळायला हवं होतं.

आता या गोष्टीतली गंमत. माझ्या तक्त्याप्रमाणे ५ गॅलनला ४० औंस अर्क, अमेरिकी औंसाने ११८३ मिलि. तेवढा अर्क घालून १९ लिटर मिश्रण केलं गेलं, म्हणजे ६.२५ टक्क्यांचं, जास्त घट्ट. मग पातळी खाली दिसते म्हणून कोणीतरी रेघेपर्यंत साधं पाणी ओतलं. ११८३ मिलि भागिले २२.७ लिटर, ५.२ टक्के. जवळजवळ बरोबर! रिफ्रॅक्टोमीटर (अर्काचं प्रमाण मोजायचं उपकरण) लावून बघितलं तेव्हा प्रमाण ठीकच निघालं आणि तक्त्यावर कोणाचा संशय गेला नाही. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. मधला महिनाभर तक्रार गप्प होती ती यामुळे. पुढे नवीन माणूस आला, त्याने पाणी न ओतता सरळ निरोप पाठवला, म्हणून प्रकरण बाहेर आलं.

यावर उपाय असा की प्रमाण असेल तिथे लिटर-मिलिलिटरच्या वाटेला सुरुवातीला जायचंच नाही. आधी औंसाला १२८ ने किंवा १६० ने भागून टक्केवारी काढा, मग ती हव्या त्या टाकीला लावा. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या डब्यावर ‘गॅलनला २.६ औंस’ असं लिहिलेलं असतं. १२८ भागिले २.६ म्हणजे ४९ आणि काही, अर्थात ५० ला १. लिटरला २० मिलि तेल, विषय संपला. ३.२ औंस असेल तर ४० ला १, लिटरला २५ मिलि. इथे २९.५७ चा आकडा लागलाच नाही.

१.०४: दोन चोर, एकच ठसा

फरक चार टक्क्यांचा निघाला तर सावध, कारण या ठशाचे दोन मालक आहेत. अमेरिकी फ्लुइड औंस आणि ब्रिटिश फ्लुइड औंस यांचं गुणोत्तर १.०४१. अमेरिकी फ्लुइड औंसाचे मिलिलिटर आणि वजनी औंसाचे ग्रॅम (२९.५७ आणि २८.३५) यांचं गुणोत्तर १.०४३. १६ औंसांचं उदाहरण घ्या: अमेरिकी द्रव औंसाने ४७३ मिलि, ब्रिटिशाने ४५५ मिलि, वजनाने ४५४ ग्रॅम. शेवटच्या दोहोंत एकाचा फरक. भागाकार करून हे दोघे वेगळे करता येत नाहीत, आणि तो योगायोगही नाही; ब्रिटिश औंस पाण्याच्या वजनावरूनच बेतलेला आहे हे वर आलंच.

तेव्हा इथे आकडेमोड थांबवून वस्तूकडे बघायचं. डब्यावर ‘फ्लुइड’ हा शब्द आहे का? नुसतं ‘औंस’ असेल आणि आत घट्ट किंवा चिकट पदार्थ असेल तर ते बहुतेक वजन असतं. मधाची १२ औंसाची बाटली घ्या. ते वजन आहे, ३४० ग्रॅम. मध पाण्यापेक्षा जड, त्याची घनता १.४२ च्या आसपास, म्हणून मापाने तो जेमतेम २४० मिलि, म्हणजे आठ फ्लुइड औंस. बारा औंसांची बाटली आठ औंसांच्या मापात बसली म्हणून फसवणूक झाली असं वाटतं. कोणी फसवलेलं नसतं, एकाच नावाची दोन मापं असतात.

एक्सेलच्या कन्व्हर्ट फंक्शनमध्येही हाच सापळा आहे. तिथे ‘ओझेड’ लिहिलं की ते द्रवाचा औंस समजतं; वजनी औंसाला ‘ओझेडएम’ लिहावं लागतं. ‘जीएएल’ म्हणजे अमेरिकी गॅलन, आणि ब्रिटिश हवा असेल तर त्याच्या आधी ‘यूके’ जोडावं लागतं. वजनाच्या रकान्यात नुसतं ‘ओझेड’ टाकून ग्रॅम मागितले तर निदान ते चूक म्हणून दाखवतं. पण ‘जीएएल’ टाकून तुमच्या मनात ब्रिटिश गॅलन असेल तर ते बिचारं काहीच बोलत नाही.

१.०५७ आणि १.०१४

साडेपाच ते पावणेसहा टक्के फरक म्हणजे क्वार्टला लिटर धरलं, किंवा अमेरिकी कपाला २५० मिलिचा मेट्रिक कप धरलं. दोन्हीचा भागाकार एकच येणार, कारण २५० म्हणजे पाव लिटर आणि अमेरिकी कप म्हणजे पाव क्वार्ट. एका कपाला चालून जातं. वीस कपांच्या कृतीत मात्र २६८ मिलि जास्त पडतात, म्हणजे अख्खा एक कप आणि वर थोडं.

सुमारे दीड टक्का म्हणजे कोणीतरी औंस ३० मिलि किंवा कप २४० मिलि धरला आहे. यात दरवेळी आळसच असतो असं नाही. अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या पोषणतक्त्यासाठी कप २४०, औंस ३०, टेबलस्पून १५ आणि टीस्पून ५ मिलि धरायचे असा नियमच आहे. म्हणून त्याच डब्यावर पोषणतक्त्यातला कप एक, आणि निव्वळ मापाच्या ओळीतला हिशेब दुसरा. भांडण लावायचं असेल तर हा डबा पुरे.

घरगुती कामात दीड टक्क्याने काही बिघडत नाही, मी स्वतः ३० च धरतो. पण गोल केलेल्या आकड्यावरून वर चढायचं नाही, हा माझा नियम. ३० गुणिले १२८ म्हणजे ३८४०, गॅलनमागे ५५ मिलि फुगले. टीस्पून ५ धरून ७६८ ने गुणलं तरी तेच ३८४०. ५५ गॅलनच्या ड्रमवर बघा: ३.७८५ ने २०८.२ लिटर, औंस ३० धरून २११.२, ‘साधारण चार लिटर’ म्हणून २२०, आणि चुकून ब्रिटिश गॅलन लावला तर २५०. ड्रम तोच.

उलट बाजूनेही ओळख ठेवावी. ३५५, ४७३, ५९१, ९४६ मिलि, किंवा १.८९ लिटर असे वेडेवाकडे आकडे दिसले की भांडं मुळात अमेरिकी मापाचं: अनुक्रमे १२, १६, २० आणि ३२ औंस, आणि शेवटचा अर्धा गॅलन. आणि १६.९, ३३.८, ६७.६ औंस दिसले तर भांडं मूळचं मेट्रिक: अर्धा, एक आणि दोन लिटर. कुठला आकडा मूळचा आणि कुठला काढलेला हे कळलं की हिशेब मूळच्या आकड्यापासून सुरू करा. काढलेल्या आकड्यावरून पुन्हा उलटं जाऊ नका, त्यात आधीच एकदा काटछाट झालेली असते.

किरकोळ ठसे, पण ओळखून ठेवा

१४.३ आला तर गुणण्याऐवजी भागलंय, किंवा उलट. ३.७८५ चा वर्ग १४.३. औंसाच्या बाबतीत हाच गोंधळ ८७५ च्या आसपास दिसतो. आकडे मुळातच इतके लांब असतात की हा लगेच ध्यानात येतो. तरीही रकान्याच्या रकान्यात सूत्र ओढून खाली नेलं की कोणी बघत नाही.

१.१४ म्हणजे ब्रिटिश क्वार्टला लिटर म्हटलंय. १.१६ म्हणजे अमेरिकेचा कोरडा गॅलन मधे आला. धान्य, फळं मोजायला तिथे वेगळा पिंट आणि वेगळा क्वार्ट आहे, आणि तो द्रवाच्या मापापेक्षा सोळा टक्के मोठा आहे. द्रवाच्या हिशेबात त्याचं काही काम नाही.

३ म्हणजे टीस्पून आणि टेबलस्पून यांची अदलाबदल. इंग्रजीत लिहिताना मोठा ‘टी’ टेबलस्पूनचा आणि छोटा ‘टी’ टीस्पूनचा अशी पद्धत आहे, हाताने लिहिलेल्या कागदावर ती कोणाला कळणार? १.३३ म्हणजे ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून, तो २० मिलिचा असतो. औषधाच्या बाबतीत यातलं काहीही करू नका. मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंज किंवा झाकण घ्या, चमचा बाजूला ठेवा.

१०.७६ किंवा ६.४५ दिसला तर कोणीतरी घनफूट किंवा घन इंच एकदाच बदललेत. फुटाचे मीटर करायला ०.३०४८ ने गुणायचं, पण घनफुटाला ते तीनदा गुणायला हवं. १ घनफूट म्हणजे २८.३२ लिटर, म्हणजेच ७.४८ अमेरिकी गॅलन किंवा ६.२३ ब्रिटिश. टाकीची लांबी-रुंदी-उंची फुटांत असेल तर आधी तिन्ही मापं सेंटिमीटरमध्ये आणा, मग गुणाकार, मग हजाराने भागा. ही चूक होण्याची जागाच उरत नाही.

कच्च्या तेलाचं पिंप ४२ अमेरिकी गॅलनचं, १५९ लिटर. बिअरचं ३१ गॅलनचं. ‘बॅरल’ असा शब्द आला की कशाचं ते विचारा, मला पुढे काही सांगायचं नाही.

२.२: लिटर बरोबर, वजन चूक

हा ठसा मुळात द्रवाच्या मापाचा नाही, पण द्रव वजनावर मोजायची वेळ आली की मधे घुसतो. १९८३ च्या जुलैत एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचं इंधन हवेतच संपलं, तेव्हाचा हिशेब नोंदलेला आहे. तेव्हा कॅनडात मेट्रिककडे जाणं चालू होतं आणि त्या विमानाचे इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाकीत पट्टी बुडवून लिटर मोजले. ७,६८२ लिटर निघाले. उड्डाणाला २२,३०० किलो हवं होतं. लिटरचे किलो करायला ०.८०३ ने गुणायला हवं होतं, गुणलं १.७७ ने, जो लिटरमागे पौंडांचा आकडा आहे. उत्तर आलं १३,५९७, आणि ते किलो समजलं गेलं. उरलेल्यासाठी ४,९१६ लिटर भरले. भरायला हवे होते २०,०८८.

टाकीत शेवटी जेवढं इंधन होतं ते ०.८०३ ने किलोत आणा, सुमारे १०,१०० येतं. २२,३०० ला त्याने भागा: २.२. एका किलोत इतकेच पौंड. हिशेब एकाहून अधिक जणांनी तपासला होता, पण सगळ्यांनी १.७७ हाच आकडा घेऊन तपासला. माझ्या लेथच्या टाकीसारखंच, फक्त ४१,००० फुटांवर. इंजिनं बंद पडलेलं ते विमान वैमानिकांनी गिमली इथल्या जुन्या हवाई तळाच्या धावपट्टीवर तरंगत उतरवलं आणि आतली सगळी माणसं वाचली.

म्हणून द्रवाचं वजन काढताना गुणकाच्या शेजारी त्याचं एकक लिहा, ‘०.८०३ किलो दर लिटर’ असं पूर्ण. नुसता आकडा लिहिलात तर तो कुठल्याही एककाचा असू शकतो.

भांड्यावरच विश्वास नसेल तर

कधी कधी कागद बरोबर असतो आणि मापाचा जगच खोटा असतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर रिकामा जग ठेवून शून्य करा, संशय असलेल्या रेघेपर्यंत साधं पाणी भरा. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला एक लिटर पाणी ९९८ ग्रॅमच्या आसपास भरतं, तेव्हा ग्रॅम म्हणजेच मिलिलिटर धरायला हरकत नाही. ‘१ कप’ च्या रेघेला काटा २३६ च्या जवळ आला तर खरा अमेरिकी कप, २४० आला तर पोषणतक्त्याचा, २५० आला तर मेट्रिक. पाण्याचा काठ डोळ्याच्या रेषेत आणून, खालचा वळसा रेघेला टेकवून बघा. वरून वाकून पाहिलं तर चार-पाच मिलि सहज इकडचे तिकडे होतात, आणि २३६ व २४० मधला फरक तेवढाच आहे. दुहेरी खुणांच्या जगवर एक चूक मी स्वतः केलेली आहे: हँडल उजव्या हातात धरलं की समोर मिलिलिटर येतात, डाव्या हातात धरलं की औंस.

तापमानाचं म्हणाल तर घरी विसरून जा. इंधनाच्या मोठ्या व्यवहारात मात्र घनफळ ठरावीक तापमानाला आणून लिहितात, अमेरिकेत ६० अंश फॅरेनहाइटला आणि मेट्रिक देशांत बहुतेक ठिकाणी १५ अंश सेल्सिअसला. दोन्ही जवळपास सारखेच, पण अगदी तेच नव्हेत. पेट्रोल दर अंश सेल्सिअसला साधारण हजारात एक भाग फुगतं. तुमचा भागाकार १.००१ च्या आसपास असेल आणि माल टँकरभर असेल, तर एकक सोडून तापमान विचारा.

आणि भागाकार यातल्या कशाशीच जुळला नाही तर? आधी दोन ठसे एकमेकांत मिसळलेत का ते बघा. १.२१८ आला तर १.२००९५ गुणिले १.०१४४: ब्रिटिश-अमेरिकी गोंधळ, वर गोल केलेला औंस. तेही जुळलं नाही तर एककांना सोडून द्या आणि वस्तूकडे जा.

माझ्या टाकीचं शेवटी तेच झालं. तक्ता दुरुस्त करून ५ इम्पीरियल गॅलन, २२.७ लिटर, ५ टक्के अर्क, असं सगळं नीट लिहून पाठवलं. दोन दिवसांनी चौथा निरोप: भरताना पातळी रेघेला लागते, पण यंत्र चालू केलं की बोटभर खाली जाते. पुन्हा मोजायला लावलं. २३.३ लागले. भागाकार १.०२६, कुठल्याच ओळीत न बसणारा. मी विचारलं, पंप बंद केल्यावर थोड्या वेळाने पातळी वर येते का? हो म्हणाले, बरीचशी. ते सहाशे मिलि पंपात आणि नळीत बसले होते. तक्त्यात हात लावला नाही, खाली एक ओळ घातली: पंप दोन मिनिटं चालवा, मग रेघेपर्यंत भरा.